बारा नंबरची माती

बेंगळूरच्या शिवाजीनगरात मार्केटच्या मागे, तिसऱ्या गल्लीत जाऊन गोजराबाई रंगारणीचं घर कुठलं म्हणून विचारलंत, तर कोणीही सांगेल. फक्त सांगण्याआधी तुमच्या पायांकडे बघेल. पानवाला बघेल, इस्त्रीवाला बघेल, ऑटो लावून पेंगणारा ड्रायव्हरसुद्धा एक डोळा उघडून आधी तुमच्या चपला बघेल आणि मगच हात दाखवील. राग मानू नका. त्यांना तसं सांगून ठेवलेलं आहे. का, ते ऐकायचं असेल तर बसा स्वल्प.

गोजराबाई म्हणजे डागांची बाई. शालूवर सांडलेलं सांबार आणा, कोटावरची शाई आणा, ती डाग नाकाशी धरते, अंगठ्याने चोळते, आणि कसला आहे, किती दिवसांचा आहे, शिवाय तुम्ही खोटं कुठे बोललात तेही सांगते. एका नवरोबाची यात अशी फजिती झाली की तो अजून त्या गल्लीतून जात नाही. बाईचं वय आता बासष्ट. अंगाने काटकुळी, जीभ मात्र वजनदार. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही.

रंगाऱ्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी देशावरून इकडे आलं हे कोणालाच धड सांगता येत नाही. विचारलं तर प्रत्येक म्हातारा वेगळ्या राजाचं नाव घेतो. तिचा नवरा मुकुंदराव हा त्या घरातला शेवटचा भट्टीवाला. गिरण्यांचं रंगीत कापड स्वस्त झालं आणि भट्टी विझत गेली, तरी माणसाने हंडे विकले नाहीत. त्याच्या हातचं शेवटचं मोठं काम म्हणजे नंदी रगबी क्लबच्या जर्स्या. जाड पांढऱ्या सुताच्या, लांब बाह्यांच्या, कॉलरच्या बावीस जर्स्या त्याने हळदी पिवळ्या रंगवल्या. नंबर रबराच्या छपाईचे होते, त्यांना रंग लागत नाही, ते पांढरेच राहिले. पुढे मुकुंदराव गेला आणि त्या जर्स्या धुण्याचं काम गोजराबाईकडे आलं. सोमवारी पोतं यायचं, गुरुवारी घड्या जायच्या. वीस वर्षं झाली.

आता गंमत अशी की तिने रगबीचा सामना आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता. वीस-तीस दांडगे एका लांबट चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडतात, एवढंच तिला ठाऊक. पण जर्स्यांवरून तिला सगळं कळायचं. दोन नंबरचं नाक फुटलं, पाच नंबर चोरून तंबाखू खातो, नऊ नंबर नुसता बाजूबाजूने पळतो, त्याच्या कोपरांना कधी मातीच नसते. आणि बारा नंबर तर तिच्या पोटचाच होता. गिरीराज.

गिरीराज विमानतळाची टॅक्सी चालवायचा आणि रविवारी रगबी खेळायचा. देवनहळ्ळीच्या रस्त्याला एका पपनसाच्या बागेशेजारी क्लबचं मैदान होतं. बागेचा मालक जुन्या ओळखीचा, नावापुरतं भाडं घ्यायचा. तिथली माती लालभडक, आणि तिच्यात अभ्रकाचे बारीक कण. धुताना पाणी चमकायचं. गोजराबाईने बेंगळूरभरच्या मात्या धुतल्या होत्या, पण अशी चमकणारी माती तिला दुसरीकडे कुठेच भेटली नव्हती. पोराच्या जर्सीचं ते पाणी मोरीत ओतताना तिला उगाच बरं वाटायचं, कारण धड परत आला असेल तरच जर्सी येणार ना.

मग चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी जर्सी आली आणि पोरगा आला नाही.

सामना संपला होता. मालकाने जमीन विकली होती, त्या मैदानावरचा तो शेवटचा सामना. पोरं फोटो काढत होती. गिरीराजने जर्सी काढून पोत्यात टाकली, साधा शर्ट चढवला, "आलोच" म्हणाला, आणि पलीकडच्या गोलपोस्टाकडे चालत गेला. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. बाईक फाटकाशी उभी, किल्ली तिलाच लावलेली, हेल्मेट हँडलला, फोन सीटखालच्या खणात. भांडण नाही, उधारी नाही, पोरीबिरीची भानगड नाही. पोलिसांत तक्रार झाली. क्लबचा सेक्रेटरी वेणुगोपाल, शिवाजीनगरातच त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो चार महिने दुकान बंद ठेवून गोजराअक्काबरोबर फिरला. इस्पितळं, आश्रम, रेल्वे स्टेशनं, नको त्या खोल्यासुद्धा दोघांनी उघडून पाहिल्या. कुठे मागमूस लागला नाही. मेला असता तर बाई रडून मोकळी झाली असती. पण नुसताच गेलेल्या माणसासाठी रडायचं तरी कसं, हे तिला कळेना. तिचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला तो लागलाच.

इकडे क्लबचंही विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर झालं. कुठे सहा महिने शाळेचं पटांगण, कुठे कॉलेजचं मैदान, तिथून हाकललं की आणखी कुठे. कोण कुठे खेळतंय हे गोजराबाईला कोणी सांगायला लागत नसे. राखाडी धूळ आली, शाळा. शेणखताचा वास आला, कॉलेज. शेवटी महादेवपुऱ्यातलं तासावर भाड्याने मिळणारं हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं मैदान आलं, आणि जर्स्यांना माती लागायचीच बंद झाली. त्या गवतात रबराचे काळे कण पसरलेले असतात, तेवढे मोरीच्या जाळीत अडकायचे. तासाचं भाडं ऐकून पोरांच्या तोंडचं पाणी पळायचं. अर्धी पोरं सोडून गेली. वेणुगोपालने स्कूटर विकली. बावीस जर्स्यांतल्या फाटून, विरून पंधरा राहिल्या, नव्या घ्यायची ऐपत राहिली नाही.

आणि मागच्या वर्षी, गणपती बुडाल्यानंतरच्या सोमवारी, गोजराबाईने पोतं उपसलं तर चौदा जर्स्यांना काळे कण आणि बारा नंबरला लाल माती.

आधी तिला वाटलं आपली नजर फिरली. तिने जर्सी नाकाशी धरली. बादलीत बुडवली. पाणी चमकलं. ती तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसली. पोटावर, कोपराला, डाव्या खांद्यावर, जिथे गिरीराज नेहमी पडायचा नेमकी तिथेच ती माती होती.

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.

तिने कोणाला सांगितलं नाही. ती माती मात्र मोरीत ओतली नाही. पाणी फडक्यातून गाळायचं, गाळ उन्हात वाळवायचा आणि स्टीलच्या डब्यात भरायचा, असं तिने सुरू केलं. एका सोमवारी चिमूटभर, एखाद्या सोमवारी मूठभर. दिवाळीपर्यंत डबा पाव झाला. वेडी म्हणा हवं तर. लोकांची पोरं परदेशातून फोन करतात, हिचा पोरगा माती पाठवत होता. तिला तेवढं पुरत होतं.

पण डागांच्या बाईला डागाचं मूळ शोधल्याशिवाय चैन पडतं होय. नोव्हेंबरात एक दिवस ती बस पकडून देवनहळ्ळीच्या रस्त्याला गेली. भर दुपारची वेळ. मैदानाभोवती पत्रे ठोकलेले. राखणदाराला तिने सांगितलं, माझा मुलगा इथे खेळायचा, एकदा बघू दे. त्याने पत्र्याची फट दाखवली. आत मैदान नव्हतं. तीन मजले खोल खड्डा, खाली खडक, खडकावर हिरवट पाणी. माती कुठे गेली म्हणून तिने विचारलं. राखणदार म्हणाला, दोन वर्षांपूर्वीच लॉऱ्या भरभरून गेली, खाली राहिलाय तो नुसता दगड, आता तिथे मूठभरसुद्धा मिळायची नाही. गोजराबाई फटीतून बघत राहिली. उन्हातसुद्धा तिच्या अंगावर काटा आला. कारण कालच तिने डब्यात मूठभर भरली होती.

मग तिने बारा नंबर आता कोण घालतो ते हुडकलं. अभिराज नावाचा पोरगा, पुण्याचा, महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, क्लबात येऊन जेमतेम वर्ष झालेला. वेणुगोपालकडून निरोप धाडून तिने त्याला चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, की जर्सी घालून कुठे लोळतोस. बिचारा गोंधळला. टर्फवरच खेळतो, म्हणाला, आणि तिथेच पोत्यात टाकतो. लाल माती? छे. देवनहळ्ळीला तो विमान पकडण्यापुरताच गेलेला. उठता उठता मात्र दारात घुटमळला.

"काकू, एक विचारू? कोडो म्हणजे काय?"

"कन्नडात दे. दे रे, असं. का?"

"खेळताना डावीकडून कोणीतरी ओरडतं. कोडो, कोडो. मी पास देतो तर तिथे कोणीच नसतं. पोरं मला हसतात. आमच्यात तसं कोणी म्हणत नाही, सगळे इंग्लिशमध्येच ओरडतात."

गोजराबाईने त्याच्या हातावर आणखी एक चकली ठेवली. गिरीराज लहानपणी जेवायला बसला की ताट येईपर्यंत हेच ओरडायचा. पोरगा गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि पोटभर रडली, चार वर्षांत पहिल्यांदा. ते रडणं सुखाचं होतं असं ती आजही सांगते.

इथवर सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं म्हणायचं. जानेवारीत एका बुधवारी वेणुगोपाल आला तो मिठाई घेऊनच. महादेवपुऱ्यातली एक कंपनी क्लबला हात द्यायला तयार झाली होती. त्यांच्या इमारतीमागे मोठं पटांगण पडून होतं, ते तीन वर्षांसाठी क्लबला, वर खर्चही. शनिवारी त्यांचे साहेबलोक सामना बघायला येणार, फोटो निघणार, लगेच सह्या. अट एकच. कंपनीचा रंग काळा, तेव्हा पंधराच्या पंधरा पोरं एकसारख्या काळ्यात हवीत. नव्या जर्स्या सह्या झाल्यावर मिळतील. आणि सह्या झाल्या नाहीत, तर वेणुगोपाल मान खाली घालून म्हणाला, मार्चमध्ये क्लब बंद. त्याच्याकडे विकायला आता झेरॉक्सचं मशीन तेवढं राहिलं होतं.

"तीन दिवस आहेत अक्का. रंगवून देशील ना?"

गोजराबाईने हातातला पेढा परत पेटीत ठेवला.

कारण रंगाऱ्यांच्या घरात एक रीत आहे. बाहेर गेलेल्या माणसाचं कापड तो परत येईपर्यंत रंगवायचं नाही. धुवा, वाळवा, घडी घालून ठेवा, पण रंगाच्या हंड्यात घालू नका. तिच्या सासूने एका दिराचं धोतर दोन वर्षं तसंच ठेवलं होतं आणि दीर हुबळीहून सुखरूप परतला. आणि सासूच्या चुलत आजीने काय केलं, तर नवरा गावोगाव कापड विकायला गेलेला असताना बहिणीच्या लग्नासाठी त्याचं पागोटं केशरी रंगवलं. नवरा परतला. ओट्यावर बसला. पाणी मागून प्यायला. समोर दोरीवर स्वतःचं पागोटं वाळत होतं, त्याच्याकडे बघितलं, पण ते त्याला ओळखू आलं नाही, आणि "हे घर कुणाचं?" असं तिलाच विचारून चालता झाला. पुन्हा कधी आला नाही. लग्न होऊन आली तेव्हा गोजराबाईला ही गोष्ट चुलीजवळ बसवून सांगितली होती, हसण्यावारी नेण्यासारखी नाही अशी ताकीद देऊन.

आता करायचं काय? नाही म्हणावं तर क्लब बुडणार, मग पोतं कुठलं आणि माती कुठली. हो म्हणावं तर ही रीत. शिवाय वेणूचे उपकार. पोराच्या शोधात जो माणूस आपल्याबरोबर शवागाराच्या दारात उभा राहिला, त्याला नाही म्हणायला जीभ कशी उचलायची? तिने चौदा रंगवते म्हणून सांगितलं. बारा नंबर सोड, त्याच्याऐवजी मी दुसरी करून देते. वेणुगोपालने कारण विचारलं नाही. त्याला काय समजायचं ते समजलं असावं. सरी अक्का, म्हणजे बरं अक्का, एवढंच म्हणाला.

गुरुवारी ती बाजारात गेली. तयार काळी जर्सी घेऊन चालणार नव्हतं; काळ्यात काळा लगेच वेगळा दिसतो, फोटोत तर हमखास. पांढरी, सुती, लांब बाह्यांची हवी, म्हणजे एकाच हंड्यातून निघेल. सहा दुकानं पालथी घातल्यावर एक मिळाली. दुकानदार शपथेवर म्हणाला, शंभर टक्के सूत. आता रंगाऱ्याच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं की शपथ ऐकायची नाही, शिवणीतला धागा ओढून काडी लावायची. सुताची राख होते, मिश्र असेल तर गोळी होते. चाळीस वर्षांत गोजराबाईने हे कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी चुकवलं. डोक्यात बारा नंबर होता, हात पिशवीत होते, बस सुटत होती. आणली तशीच, आणि त्याच संध्याकाळी मागे बारा आकडाही छापून घेतला.

शुक्रवारी सकाळी तिने मुकुंदरावाचा तांब्याचा हंडा काढला. पाणी तापलं, मीठ पडलं, सोडा पडला, काळा रंग उतरला. चौदा जर्स्या एकेक करून बुडल्या आणि अशा काळ्याभोर निघाल्या की मुकुंदराव असता तर बायकोची पाठ थोपटली असती. मग तिने नवी बुडवली. ढवळली. पुन्हा ढवळली. बाहेर काढली तर मळकट जांभळी, शाळेच्या पाटीला थुंकी लावून पुसावं तशी. अर्धं सूत, अर्धं प्लास्टिक. रंग चढणारच नव्हता.

दुपार झाली होती. दुसरी आणायची तर धुणं, छापणं, वाळवणं, काहीच वेळेत बसत नव्हतं. वेणुगोपालला फोन केला तर तो म्हणाला, जाऊ दे अक्का, एक जांभळी तर जांभळी, बघू. पण त्याच्या आवाजातला कोरडेपणा तिला फोनमधूनही कळला. पोत्यातून कोणी हात घालून उपसून काढल्यासारखी बारा नंबर एकटी पाटावर पडली होती. पिवळी. तिला या सोमवारची माती अजून लागलेली होती, गोजराबाईने ती धुतलीच नव्हती, ठेवून दिली होती.

आणि मग बाईचा राग आला वर. चार वर्षांचा.

तिने जर्सी उचलली आणि तिच्याशीच भांडायला लागली, मोठमोठ्याने, मराठीत आणि कन्नडात. नुसती माती पाठवतोस. तुझ्या मातीचं मी काय करू, लोणचं घालू? बाप गेला, भट्टी गेली, मैदान गेलं, त्या बिचाऱ्या वेणूच्या बायकोचे कान मोकळे झाले, आणि तू गोलपोस्टाच्या मागे लपाछपी खेळतोस. दुसऱ्याच्या पोराला हाका मारतोस, आणि आईच्या दारात यायला तुझे पाय दुखतात.

"यायचं असेल तर एकदा ये. तोंड दाखव आणि जा. नाहीतर ही माती पण नको मला."

असं म्हणून तिने जर्सी बादलीत खळाखळा धुतली, ते पाणी न गाळता मोरीत ओतलं, आणि बारा नंबर हंड्यात घातली. रंग असा चढला, जसा काही त्या कापडाला वर्षानुवर्षं त्याचीच तहान होती. काढून झटकली तेव्हा चौदांतली कुठली आणि पंधरावी कुठली हे नंबर बघितल्याशिवाय तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी सामना झाला. साहेबलोक आले, फोटो निघाले. पोरं हरली म्हणे, पण झोकात हरली. सोमवारी पोतं आलं. गोजराबाईने आधी बारा नंबर काढली. काळे रबराचे कण, घाम, बाकी काही नाही. उलटसुलट केली, शिवणी उसवून बघितल्या, बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. पाणी साधं पाणीच होतं. अभिराजला फोन केला. तो म्हणाला, काकू, परवा कोणी ओरडलं नाही, छान खेळता आलं.

तिने स्वतःला समजावलं. काळ्यावर माती दिसत नसेल. पुढच्या सोमवारी येईल. मंगळवारी सकाळी तिने पंधराही जर्स्या गच्चीवर तारेला लावल्या, नेहमीसारख्या क्रमाने, एकपासून पंधरापर्यंत, एकीशेजारी एक. गच्ची तिने नुकतीच धुऊन काढली होती. मग खाली येऊन जेवली आणि चटईवर जरा आडवी झाली. स्वप्न वगैरे काही पडलं नाही. साडेतीनला उठून ती जर्स्या काढायला वर गेली.

धुतलेल्या गच्चीवर पावलं उमटलेली होती. लाल, ओलसर, अनवाणी.

जिन्याच्या तोंडापासून निघालेली ती पावलं तारेपाशी आली होती. एक नंबरच्या जर्सीसमोर जोडीने थांबली होती, जसा माणूस दुकानात कपड्यासमोर उभा राहतो. मग दोन नंबरसमोर. मग तीन. प्रत्येकीसमोर जोडी, प्रत्येकीला बाहीपाशी मातीचा बोटभर ठसा, हाताने धरून निरखल्यासारखा. गोजराबाई भिंत धरून पावलांच्या बाजूबाजूने चालत गेली. नऊ. दहा. अकरा.

बारा नंबरसमोरही जोडी होती. इतरांसमोर होती तशीच. बाहीला ठसा होता, इतरांना होता तसाच. तिथे तो जास्त थांबला नव्हता. पावलं पुढे तेरासमोर गेली होती, चौदासमोर, पंधरासमोर, आणि तिथून वळून पुन्हा जिन्याकडे. बाईने खाली बसून बाराच्या पुढ्यातली माती बोटाने उचलली. उन्हात धरली. ती चमकली.

ती जिना कसा उतरली तिला आठवत नाही. खालच्या पायरीवर हेमावती तांदूळ निवडत बसली होती. हेमावती खालच्या खोलीत भाड्याने राहते, तिला येऊन दोन वर्षं झाली. गिरीराजला तिने कधी पाहिलेलंच नव्हतं.

"वर कोण आलं होतं?"

"मला वाटलं तुमच्याकडचंच कोणी. आत्ताच गेला, अर्धा तास झाला नसेल. अनवाणी होता, पायांना सगळी लाल माती. चढताना बोलला नाही. उतरताना जरा उभा राहिला आणि विचारलं, हे घर कुणाचं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"रंगारी गोजरक्काचं म्हणून सांगितलं. सरी म्हणाला आणि बसस्टँडकडे गेला. का हो, काही चोरीला गेलं का?"

गोजराबाई काळ्या हातांनी, तशीच, चप्पल न घालता बसस्टँडपर्यंत पळत गेली. चाळीस बसेस उभ्या असतील. प्रत्येक बसमध्ये चढून तिने लोकांचे पाय बघितले. कंडक्टर ओरडले, लोक हसले, एकीने वेडी म्हणून पदर आवरून घेतला. अंधार पडेपर्यंत ती तिथे होती. घरी आली तर फोन वाजत होता. वेणुगोपाल रडत होता, आनंदाने. सह्या झाल्या होत्या, तीन वर्षांचं मैदान, क्लब वाचला होता, आणि अक्का, हे तुझ्यामुळे. सरी, म्हणाली ती. फोन ठेवून तिने डबा उघडला, बोटाला चिकटलेली माती त्यात झटकली आणि झाकण लावलं.

पोतं अजूनही दर सोमवारी येतं. कंपनीने नव्या जर्स्या दिल्यात, काळ्या, पण बारा नंबर तेवढी जुनीच ठेवा असं तिने बजावून सांगितलंय, आणि अभिराज ती मुकाट्याने घालतो. तिचा काळा रंग उतरवायला गोजराबाईने काय काय केलं नाही. कापड विरायला आलं, पिवळं काही दिसत नाही. लाल माती पुन्हा आलेली नाही.

पावलं उमटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गल्लीत निघाली होती. पानवाला, इस्त्रीवाला, ऑटोस्टँड, कोपऱ्यावरचं मेसवालं हॉटेल, एकेकाच्या दाराशी उभी राहिली. कोणी हसलं नाही. हेमावतीला तर तिने तीन-तीनदा म्हणायला लावलं.

"कोणी अनवाणी आला, पायाला लाल माती असली, आणि हे घर कुणाचं म्हणून विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस. तुझंच आहे, असं सांग."